चाचणीतल्या दोघी

मी शूर नाही, हे आधीच सांगून टाकते. आजारातून गेलेल्या लोकांचं लिखाण वाचताना मला नेहमी वाटायचं, ही माणसं वेगळ्या मातीची असणार. मी तशी नाही. मी पहिल्या दिवसापासून घाबरलेली आहे आणि हे लिहितानाही घाबरलेलीच आहे. तरी लिहिते. डॉक्टरांनी मला नव्या औषधाच्या चाचणीबद्दल विचारलं, त्या दिवशी माझ्यासारख्याच कुणा घाबरटाने शेजारी बसून मला सगळं सांगायला हवं होतं. तसं कुणी नव्हतं.

खोकला

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. गुडगावात नव्याने झालेल्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावर आम्ही राहायचो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा अविनाश आणि चौदा वर्षांची मुलगी केतकी. अविनाश केंद्र सरकारच्या नोकरीत. दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही हौसेने इथे आलो होतो. मी मानेसरला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते. सकाळी सव्वासातला कंपनीची बस यायची.

चहूबाजूंनी टॉवर उठत होते. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या चौकटीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं एवढी धूळ असायची. त्यामुळे खोकला सुरू झाला तेव्हा मी धुळीला बोल लावला. अख्खी सोसायटीच खोकत होती. आल्याचा चहा, हळदीचं दूध, कंपनीच्या डॉक्टरची लाल बाटली, सगळं झालं. तीन महिने गेले. मग एक दिवस वीज गेली, जनरेटरही चालू होईना, म्हणून जिना चढायला लागले आणि दुसऱ्याच मजल्यावर पायरीवर बसले. श्वास पुरेना. समोरच्या फ्लॅटमधली बाई वर जाताना म्हणाली, "भाभीजी, वज़न कम कीजिए." मी हसले. तेव्हा माझं वजन सहा किलोने उतरलेलं होतं, ते मलाही कळलं नव्हतं.

"घर में कोई?"

एक्स-रेत डावी बाजू पांढरी दिसली. फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं. पाठीत सुई घालून ते काढलं तेव्हा मी बाटलीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. कोऱ्या चहासारखा रंग होता.

आठवड्याने डॉक्टर साहनींनी आम्हाला दिल्लीच्या हॉस्पिटलात बोलावलं. ते फाइल उघडायच्या आत खुर्ची आमच्या दिशेला सरकवून बसले, त्यावरूनच मला कळलं.

"सिगरेट पीती थीं आप?"

"नहीं. कभी नहीं."

"घर में कोई?"

अविनाश आपल्या बुटांकडे बघत होता. केतकीच्या जन्माआधी तो ओढायचा. नंतरही, ऑफिसात ताण असला की बाल्कनीत एखादी. डॉक्टर लगेच म्हणाले की न ओढणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. मग त्यांनी उरलेलं सांगितलं. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, पुढे गेलेला आहे, हाडातही पोचलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही.

गाडीत अविनाश म्हणाला, "माझ्यामुळे झालं का ग?"

मी "नाही रे" म्हणायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. ते दोन शब्द तोंडातून निघायला मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत तो माझ्याशी इतका जपून वागत होता की त्याचीच मला चीड यायची. आजाराने माणसं जवळ येतात म्हणतात. येत असतील. आम्ही दोघं एकाच घरात दोन वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसलो होतो.

अठरा पानं

सहा केमो झाले. केस गेले, जिभेवर कायम खिळा चोखल्यासारखी चव, पायाची बोटं बधिर. तेही सोसलं, कारण शेवटी काहीतरी बरं ऐकायला मिळेल असं वाटत होतं. शेवटचा स्कॅन झाला आणि गाठ वाढलेली निघाली.

मग चाचणीचा विषय निघाला. ते दिवसच तसे होते. परदेशी गाड्या आल्या, मॉल आले, चकचकीत ऑफिसं आली, तशाच औषधांच्या चाचण्याही आल्या होत्या. एक गोळी होती, रोज एक घ्यायची. साहनी म्हणाले, कॅन्सरच्या पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारा जो निरोप असतो, तो ही गोळी अडवते, असा अंदाज आहे. "अंदाज" हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला. आणि सगळ्यांना खरी गोळी मिळणार नव्हती. काहींना खरी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे कॉम्प्युटर ठरवणार. मला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही कळणार नाही.

कारखान्यात मी बरोबर हेच काम करायचे. आलेल्या मालातून कुठलाही नमुना उचलायचा, आवडनिवड न ठेवता. नमुना तपासताना कधीकधी तुटतो. तुटलेला नमुना मी बिनदिक्कत लाल ट्रेमध्ये टाकत आले होते. त्या दिवशी घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

संमतीपत्र अठरा पानांचं, हिंदी आणि इंग्रजीत. दोन्ही भाषा मला येतात. पण मरणाबद्दलची वाक्यं मला माझ्या भाषेत ऐकायची होती. रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. केतकी एकेक वाक्य वाचायची आणि आम्ही ते मराठीत सांगायचो. ती दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी अर्धं हिंदी.

"'दुष्परिणाम' म्हणजे साइड इफेक्ट ना, आई? ओके. अंगावर पुरळ, जुलाब, लिव्हरला सूजन..."

"सूज," अविनाश म्हणाला.

"सूज. आणि रेअरली..." ती थांबली. पुढचं तिने मनात वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

अविनाश उठून उभा राहिला. "बस झालं. आपण नाही करायचं हे. तू उंदीर नाहीस, नीलिमा. पुण्याला जाऊ, दुसरा डॉक्टर बघू, आयुर्वेद बघू."

"दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं ना आपण? त्यांनी काय सांगितलं, विसरलास?"

"आणि खोटी गोळी मिळाली तर? नुसती साखर खात बसणार तू?"

"तर बसेन! घरी बसून तरी काय करते आहे?"

मी ओरडले आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. केतकीने पाणी आणलं. खोकला थांबल्यावर ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, सही आईला करायचीये. तुम्हाला नाही."

मी बुधवारी सही केली. आशेने केली असं सांगायला आवडलं असतं. मी भीतीने केली. काहीच न करता वाट बघण्याची भीती जास्त मोठी होती.

मिरजेच्या नसीमआपा

चाचणीतल्या पेशंटसाठी हॉस्पिटलात एक वेगळा कॉरिडॉर होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, वजनकाटा, ईसीजीची खोली. किरण मॅडम म्हणून एक तरतरीत पंजाबी मुलगी सगळं बघायची. दर पंधरा दिवसांनी रक्त, ईसीजी आणि मग नंबर लिहिलेली गोळ्यांची बाटली. रोज गोळी किती वाजता घेतली, ते एका वहीत लिहायचं.

पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवर एका बाईंच्या दंडातून रक्त निघेना. तिसऱ्या सुईला त्या कळवळल्या, "अग आई ग!"

मी वळून विचारलं, "तुम्ही मराठी?"

"मिरजेची. नसीम मुजावर. फरीदाबादला असते. आणि तू कुठली ग?"

"चिंचवडची."

"मग इतका वेळ हिंदीत काय कुढत बसलीस?"

त्या पन्नाशीच्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्यांचे यजमान इकबालभाई ट्रॅक्टरच्या कारखान्यात फोरमन. दोघं तीन बस बदलून यायचे. इकबालभाई भिडस्त, कायम दाराजवळ उभे. नसीमआपांनाही माझाच आजार, त्याही कधी न ओढलेल्या. आम्ही दोघींनी एकाच आठवड्यात गोळी सुरू केली.

घरी मी खूप काही बोलायचं टाळायचे. अविनाशचा चेहरा उतरायचा, केतकी अभ्यास सोडून बसायची. आपांशी मात्र सगळं बोलता यायचं. एकदा मी विचारलं, "आपा, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. आंघोळ करताना जास्त वाटते. बरगड्या मोजता येतात ना." मग म्हणाल्या, "मी तेव्हा मोठ्यांदा पाढे म्हणते. एकोणतिसाचा. तो अवघड आहे, त्यात लक्ष घालावं लागतं."

दर दुपारी आम्ही एकमेकींना फोन करायला लागलो. नवे मोबाइल, रेंज जायची, अर्धं बोलणं "हॅलो, हॅलो" करण्यातच संपायचं.

पुरळ

नवव्या दिवशी माझ्या नाकाशेजारी दोन पुटकुळ्या आल्या. बाराव्या दिवशी गाल, कपाळ, हनुवटी भरून गेली. लाल, चिघळलेली, हात लावला तरी झोंबणारी. आरशात मला कुणी तरी भलतीच बाई दिसत होती आणि मी आनंदाने थरथरत होते.

कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं की खऱ्या गोळीने पुरळ येतं. किरण मॅडम वारंवार बजावायच्या, "आपस में कम्पेअर मत कीजिए. रैश का कोई मतलब नहीं निकालना है." पण माणसं चेहऱ्याकडेच बघायची. कुणी आत आलं की पहिली नजर गालांवर.

नसीमआपांचा चेहरा स्वच्छ होता. तुळतुळीत.

मी त्यांच्यापासून चेहरा लपवायला लागले. थंडी पडली होती, त्यामुळे ओढणी नाकापर्यंत गुंडाळून बसलं तरी विचित्र दिसत नव्हतं. धुळीचं निमित्त होतंच. फोनवर त्यांनी विचारलं, "तुला काही आलंय का ग तोंडावर?" मी म्हटलं, "विशेष नाही." त्या "हं" म्हणाल्या.

याची मला आजही लाज वाटते. मी त्यांना जपत होते असं मी मनाला सांगत असे. पण त्यात दुसरंही काहीतरी होतं. कुणाला सांगितलं तर माझं नशीब माझ्याकडून काढून घेतलं जाईल, अशी एक खुळचट भीती. जणू खऱ्या गोळ्या मोजक्याच होत्या आणि मी त्यांची उचलली होती.

पहिल्या स्कॅनला माझी गाठ लहान झालेली निघाली. साहनींनी दोन फिल्म शेजारी लावून दाखवल्या. अविनाश त्यांच्यासमोरच रडला. त्याच दिवशी, परतताना गाडीत, मी त्याला म्हटलं, "तुझ्यामुळे नाही झालं रे." त्याने गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. आम्ही बराच वेळ तिथेच थांबलो.

आपांचा स्कॅन "जैसे थे" होता. त्यांचा आवाज मात्र बसायला लागला होता.

पुढच्या भेटीला त्या आधीच येऊन बसल्या होत्या. मी ओढणी गुंडाळून शेजारी बसले. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी हात पुढे केला आणि माझी ओढणी खाली ओढली. मी दचकले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि वहीतलं गणित तपासावं तसा निरखून पाहिला.

"किती दिवस झाले?"

"दीड महिना."

"दीड महिना लपवलंस?"

मला रडू फुटलं. "आपा, मला वाटलं तुम्हाला..."

"वाईट वाटेल? वाटलं की. आत्ता वाटलं." त्यांचे डोळे भरले होते, पण हनुवटी सोडली नाही. "पण एकीला तरी लागू पडतंय, हे मला डोळ्यांनी बघू दे ना. रोज वाटायचं, सगळंच थोतांड असलं तर? साबणाने धुऊ नकोस हे, नुसतं पाणी लाव. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोललीस तर बाकावर उभी करीन."

कोड

दुसऱ्या स्कॅनमध्ये आपांचा आजार वाढला. यकृतातही ठिपके आले.

चाचणीचा नियम असा होता की आजार वाढला की त्या पेशंटचा कोड उघडायचा. खोटी गोळी निघाली, तर त्याला त्या दिवसापासून खरी द्यायची. खरी निघाली, तर ती बंद, आणि मग पुढे देण्यासारखं काही नाही.

कोड कळायला दोन दिवस लागणार होते. त्या दुपारी आपांचा फोन आला. मी धीर द्यायला शब्द शोधत होते, तर त्याच बोलल्या.

"नीलिमा, माझ्यासाठी एक माग ग. माझी गोळी खोटी असू दे, असं माग."

मला क्षणभर कळेना.

"अग, खोटी असली तर खरी अजून शिल्लक आहे ना माझ्यासाठी! पाची वेळा नमाज पढून हेच मागते आहे. इतके दिवस खरी मिळावी म्हणून मागत होते, आता खोटी निघावी म्हणून मागते. त्यालाही कळत नसेल ही बाई नेमकं काय म्हणते."

त्या हसल्या. मीही हसले. मग दोघींना खोकला आला.

मी देवासमोर बसले. आयुष्यात असं काही मागितलं नव्हतं. केतकीने विचारलं, "काय मागतेयस?" मी सांगितलं. ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली.

तिसऱ्या दिवशी इकबालभाईंचा फोन आला. एवढंच म्हणाले, "खरी होती, ताई. पहिल्या दिवसापासून खरीच होती."

मी फोन धरून भिंतीपाशी खाली बसले. मला त्यांचं दुःख झालं, हो. पण त्याहून आधी, सगळ्यात आधी, जे आलं ती भीती होती. माझ्या स्वतःसाठी. मी समजत होते की खरी गोळी मिळाली म्हणजे पैलतीर गाठला. आपा तीच गोळी खात होत्या. मग माझं पुरळ म्हणजे काय होतं? किती दिवसांचं होतं? आपांचा विचार करायला मला संध्याकाळ व्हावी लागली. हे लिहिणं सोपं नाही, पण तुमच्याही बाबतीत असं झालं तर स्वतःला राक्षस समजू नका, म्हणून लिहिते.

फरीदाबाद

त्यानंतर आपा अडीच महिने होत्या. दोनदा मी आणि अविनाश त्यांना भेटायला गेलो. दुसऱ्या खेपेला त्या फार थकल्या होत्या. गप्पा मारायला श्वास नव्हता. मी हात धरून बसले. त्यांनी विचारलं, "पुढचा स्कॅन कधी?" मी सांगितलं. "घाबरलीयस?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मीपण." बस एवढंच. त्यांनी मला कसलाही उपदेश केला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या गेल्या तेव्हा मी जुलाबाने अंथरुणात होते. अविनाश एकटा जाऊन आला. घरी आल्यावर बूट न काढता माझ्या पलंगाच्या कडेला बसून राहिला.

आता

मी अजून गोळी घेते. पुरळ कमी-जास्त होतं, बोटांच्या टोकांना चिरा पडतात, कधी पोट बिघडतं. अर्धा दिवस कामावर जाते. माझा कोड कुणी उघडलेला नाही. तो उघडणं म्हणजे काय, हे मला आता माहीत आहे, म्हणून न कळण्यातच बरं आहे. दर दोन महिन्यांनी स्कॅन असतो. आधीचे चार दिवस मला अन्न जात नाही. याची सवय होत नाही. होते असं कुणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

जे चाचणीचा विचार करत आहेत त्यांना मी "जा" किंवा "नका जाऊ" सांगू शकत नाही. फॉर्म आपल्या भाषेत समजून घ्या. गोळी चालली नाही तर तुमच्यासाठी पुढे काय उरेल, हे सही करण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं. आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोला.

आपा गेल्यानंतरच्या माझ्या पहिल्या स्कॅनचा रिपोर्ट आला, "स्थिर" असा. अविनाश गाडी काढायला गेला होता. मी हॉस्पिटलच्या दारात उभी राहून सवयीने फोन लावला. पलीकडे घंटा वाजायला लागल्यावर मला आठवलं. मी ठेवणार तेवढ्यात कुणीतरी उचलला.

"हॅलो," इकबालभाई म्हणाले. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "नीलिमाताई का? आज स्कॅन होता ना तुमचा. भिंतीवर लिहून ठेवलंय तिने, कॅलेंडरवर. काय आलं?"

"स्थिर आहे," मी म्हटलं. "वाढलं नाही." आणि लगेच, का कोण जाणे, "सॉरी, इकबालभाई."

पलीकडे बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. रेंज गेली असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"आहे, आहे," ते म्हणाले. "सॉरी कशाला? पुढच्या वेळीही कळवा. मी वाट बघतो."